सायकलवरचा चहा

घरी उकळलेला चहा थर्मासमध्ये भरून, सायकलवरून फिरत रात्री विकण्याचा मुंबईतील व्यवसाय. सोबत कॉफी, बिस्किटे आणि बहुधा सिगारेटही असते. हॉटेलांची शटर खाली आली की या सायकली दिसू लागतात आणि पहाटे टपऱ्यांचे स्टोव्ह पेटेपर्यंत फिरत असतात. मरीन ड्राइव्ह, गेटवे, सीएसएमटीचा परिसर इथे त्या हमखास भेटतात. समुद्रावर गप्पा मारत बसलेली मंडळी त्यांना थांबवतात हे खरे, पण रोजचे गिऱ्हाईक म्हणजे टॅक्सीवाले, रखवालदार, बंदोबस्तावरचे पोलीस आणि रातपाळीची माणसे. गाडी किंवा फाटक सोडून ज्याला हलता येत नाही, त्याच्याजवळ चहाच चालत येतो.

या धंद्याचा पाया थर्मास आहे. चहाच्या टपरीला विस्तव लागतो आणि विस्तवाला जागा लागते. थर्मासमुळे चूल खोलीवर राहिली आणि विक्री तिथून दोन-तीन किलोमीटरवर जाऊ शकली. दुहेरी भिंतीच्या मधली हवा काढून घेतलेले हे भांडे जेम्स ड्यूअर यांनी 1892 मध्ये लंडनला बनवले, तेही अतिथंड द्रवरूप वायू टिकवण्यासाठी. पोकळीतून उष्णता सहज पार होत नाही आणि काचेवरचा चांदीचा मुलामा किरणांवाटे जाणारी उष्णता परत फिरवतो. ड्यूअर यांनी पेटंट घेतले नाही. 1904 मध्ये जर्मनीत ‘थर्मास’ या नावाने त्याचा व्यापार सुरू झाला आणि मराठीत ते नाव वस्तूलाच चिकटले. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले ईगलचे थर्मास तळेगाव दाभाड्याच्या कारखान्यात बनत. लोकवर्गणीतून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखानाही याच गावचा.

सायकल साधीच असते, पण तिची मांडणी पाहण्यासारखी. हँडलच्या दोन्ही बाजूंना जाड कापडी पिशव्या, त्यात उभे थर्मास. कॅरिअरवर खोके किंवा बादली, त्यात कप आणि पुडे. वजन दोन्हीकडे सारखे नसेल तर हँडल एकीकडे ओढते, म्हणून आधी कुठला थर्मास रिकामा करायचा याचाही हिशेब असतो. गिऱ्हाईक आले की विक्रेता सायकल स्टँडवर घेतो, बूच अर्धेच फिरवतो, कटिंगभर चहा ओततो आणि पैसे घेण्याआधी बूच घट्ट करतो. झाकण जितक्या वेळा उघडावे तितकी वाफ जाते. एका मोठ्या भांड्यात चहा अधिक वेळ गरम राहतो, पण ते सारखे उघडावे लागते. त्यापेक्षा तीन-चार लहान थर्मास बरे, एक संपेपर्यंत बाकीचे बंद राहतात. भरण्याआधी थर्मासमध्ये उकळते पाणी घालून तो तापवून घेतला आणि चहा तोंडापर्यंत भरला, तर खूप फरक पडतो.

हा चहा टपरीवरच्या ताज्या चहासारखा लागत नाही. दुधाचा चहा तासन्‌तास बंद राहिला की त्याला एक कोंदट वास येतो; आले आणि सढळ साखर तो बराचसा झाकतात. पत्ती मात्र नीट गाळून घ्यावी लागते, आत राहिली तर चहा कडवट होतो. दूध असल्यामुळे 60 अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला चहा फार वेळ ठेवणेही धोक्याचे.

2014 च्या पथविक्रेता कायद्याने फिरत्या विक्रेत्यालाही पथविक्रेता मानले आहे. तरी रात्री उशिरा सायकल हटवली जाण्याची, सामान जप्त होण्याची धास्ती या लोकांना असतेच. शहर ज्यांच्या जिवावर जागे राहते त्यांना चहा पाजणाऱ्यांच्या वाट्याला हे यायला नको. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर पातळ प्लास्टिकच्या कपांची जागा कागदी कपांनी घेतली.

खड्ड्यांचे रस्ते हा काचेच्या थर्मासचा शत्रू. बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतली काच तडकलेली असते. मग तो सगळा चहा ओतून द्यावा लागतो. म्हणून भरण्याआधी रिकामा थर्मास कानाशी धरून हलवून पाहावा. किणकिण ऐकू आली तर त्यात चहा भरू नये.