पालुपद

पालुपद : बोलताना वा लिहिताना वारंवार, बहुधा नकळत येणारा आणि अतिवापराने झिजलेला शब्द किंवा वाक्प्रयोग. मूळ अर्थ गाण्यातला : प्रत्येक कडव्यानंतर फिरून म्हणायची ओळ, ध्रुवपद. ‘त्याचं आपलं एकच पालुपद’ अशा तक्रारीतून हा शब्द बोलण्याला चिकटला. गाण्यात श्रोता जिची वाट पाहतो, तीच पुनरावृत्ती संभाषणात नकोशी होते. हिंदी-उर्दूतील याच अर्थाचा ‘तकियाकलाम’ हा शब्द फार्सी ‘तकिया’ (टेका, उशी) आणि अरबी ‘कलाम’ (बोलणे) यांचा जोड आहे. मराठी बैठकीवरचा तक्क्या त्याच घराण्यातला. बोलणारा ज्याला रेलून बसतो तो शब्द, ही कल्पना पालुपदापेक्षा अधिक नेमकी म्हणावी लागेल.

लेखनातील झिजलेल्या प्रयोगासाठी ‘क्लिशे’ ही फ्रेंच संज्ञा रूढ आहे. ती छापखान्यातली. जुळवलेल्या खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या) पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा अखंड ठसा ओतायचा, म्हणजे खिळे मोकळे होतात आणि पान पुन्हा छापता येते. एडिंबरो येथील सोनार विल्यम गेड याने सुमारे 1725 पासून असे प्रयोग केले; पॅरिसचा मुद्रक फर्मँ दिदो याने शतकाच्या अखेरीस ‘स्टिरिओटाइप’ हे नाव रूढ केले. ‘क्लिशे’चे क्रियापद मात्र काहीशा वेगळ्या कृतीचे दिसते : वितळलेला धातू थिजू लागताच त्यावर साचा पालथा आदळणे. त्या आदळण्याच्या आवाजावरून शब्द आला, असे सामान्यतः मानतात. जर्मन ‘क्लिच’ (लगदा) या शब्दाशीही तो जोडला जातो. कृतीचे स्वरूप पाहता ध्वन्यनुकारी व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक वाटते. लाक्षणिक अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असावा.

जुळारी (खिळे जुळवणारे कामगार) नेहमीचे वाक्प्रयोग एकसंध ओतून ठेवत आणि तेच क्लिशे, ही कथा लोकप्रिय असली तरी जपून घ्यावी. ठसा साधारणतः अख्ख्या पानाचा असे. नेहमी लागणारे शब्द वा शब्दांश एकत्र ओतण्याची पद्धत निराळी. लंडनमध्ये मुद्रक जॉन वॉल्टर याने 1780 च्या दशकात ती चालवली आणि तिला ‘लोगोग्राफी’ म्हणत.

बोलण्यातील पालुपदे दोन जातींची. ‘म्हणजे’, ‘बरं का’, ‘काय म्हणतात ते’, ‘मी काय म्हणतो’ ही पुढचा शब्द सापडेपर्यंत बोलण्याची पाळी हातची जाऊ देत नाहीत. त्यांना निरर्थक म्हणणे अन्यायाचे आहे. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की याने 1923 मध्ये दाखवले की, बरेचसे बोलणे माहिती देण्यासाठी नसून संबंध राखण्यासाठी असते. दुसरी जात तयार मालाची : ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, ‘युद्धपातळीवर प्रयत्न’, ‘प्रश्न ऐरणीवर आला’. ऐरणीवर वस्तू ठेवायची ती घण घालण्यासाठी. बातमीतला प्रश्न तिथे नुसताच येऊन बसतो, घण कोणी उचलत नाही.

चीड येण्यामागे पुनरावृत्ती हे एकच कारण नाही. ‘खरं सांगायचं तर’ कानाला खुपते, कारण आतापर्यंतचे काय होते, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. ‘समजलं का?’ हे दर वाक्याला आले की ऐकणारा विद्यार्थी ठरतो. एखादा शब्द लागोपाठ ऐकल्यास त्याचा अर्थ काही क्षण विरून जातो. मानसशास्त्रज्ञ लिऑन जॅकोबोव्हिट्स याने 1962 च्या प्रबंधात याला ‘अर्थतृप्ती’ या आशयाची संज्ञा दिली. शिवाय एकदा खुपलेला शब्द मग सगळीकडे ऐकू येऊ लागतो. हा वारंवारितेचा भास असल्याचे भाषाशास्त्रज्ञ अर्नल्ड झ्विकी याने 2005 मध्ये नोंदवले. त्यामुळे ‘हल्ली सगळेच असे बोलतात’ ही तक्रार मोजणी केल्याशिवाय ग्राह्य धरता येत नाही. स्वतःचे पालुपद मात्र बहुधा दुसऱ्यानेच नक्कल करून दाखवावे लागते.