पापिंगोची दगडी घरे

ग्रीसच्या वायव्येस, अल्बेनियाच्या सीमेजवळच्या इपायरस प्रदेशात झागोरी हा डोंगराळ मुलूख आहे. त्यातील ४६ गावांपैकी मेगालो (थोरले) आणि मिक्रो (धाकटे) पापिंगो ही जोडगावे तिम्फी पर्वताच्या अस्त्राका कड्यांखाली, समुद्रसपाटीपासून सुमारे ९५० मीटर उंचीवर वसलेली आहेत. येथील जुनी दगडी घरे दुरुस्त करून प्रवाशांच्या मुक्कामासाठी वापरण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रुजली असून, ओसाड पडत चाललेले गाव सावरण्याचा तो ग्रीसमधील एक महत्त्वाचा प्रयत्न ठरला आहे.

ही घरे मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील समृद्धीची देणगी होत. ऑटोमन अमलाखाली झागोरीला कारभाराच्या व करांच्या सवलती होत्या. येथील पुरुष व्यापारासाठी कॉन्स्टँटिनोपल, बुखारेस्ट अशा शहरांत वर्षानुवर्षे राहत आणि मिळकत गावी पाठवून घरे, चर्च, शाळा व पूल बांधवीत. बांधकाम कोनित्साजवळच्या गवंड्यांच्या गावांतून आलेल्या फिरत्या टोळ्या करीत. कामावर असताना आपसात बोलण्यासाठी त्यांची स्वतंत्र गुप्त बोलीही होती.

घर उंच भिंतीच्या आवारात असते आणि आत शिरण्यासाठी छप्पर असलेला भक्कम दरवाजा असतो. जाड भिंती चुनखडीच्या दगडाच्या असून त्यांत ठरावीक उंचीवर आडवी लाकडे बसवलेली असतात. भूकंपाचा हादरा बसला तर ही लाकडे भिंतीला बांधून ठेवतात. छपरावर पातळ दगडी फरश्या एकीवर एक येतील अशा रचतात आणि त्या प्रामुख्याने स्वतःच्या वजनानेच जागी राहतात. खाली गोठा व कोठार, वर राहण्याच्या खोल्या अशी साधारण मांडणी असे. हिवाळ्यात सारे कुटुंब शेकोटीच्या एकाच खोलीत जमत असे आणि भिंतीलगतच्या रुंद लाकडी बैठकींवर बसणे-झोपणे दोन्ही होत असे.

दुसरे महायुद्ध आणि त्यापाठोपाठचे यादवी युद्ध यांनी या मुलखाची वाताहत केली. पुढे लोक अथेन्सला, जर्मनीला निघून गेले. अशा घरात राहते माणूस नसले की ते फार काळ तग धरत नाही. छपराची एक फरशी सरकते, पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरते, आतले लाकूड कुजते आणि काही हिवाळ्यांत भिंत फुगून येते.

१९७५ मध्ये ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संघटनेने पारंपरिक वस्त्यांच्या जतनाची योजना सुरू केली. सांतोरिनीतील ईया, मानीतील वाथिया, खिओस बेटावरील मेस्ता, पेलिओनमधील विझित्सा यांच्याबरोबर पापिंगोचाही तीत समावेश होता. संघटनेने जुन्या वास्तू दुरुस्त करून त्यांची अतिथिगृहे केली. नवी हॉटेले उभारण्याऐवजी असलेल्या घरांतच पाहुणे उतरवण्याचा हा विचार त्या काळी धाडसाचाच होता. पुढे खासगी मालकांनीही तोच मार्ग धरला. १९७८ च्या अध्यादेशाने ग्रीसमधील शेकडो वस्त्यांना पारंपरिक वस्तीचा दर्जा व कायद्याचे संरक्षण मिळाले, तर २०२३ मध्ये झागोरीचा सांस्कृतिक भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाला.

दुरुस्तीत सर्वांत अवघड प्रश्न स्नानगृहाचा असतो, कारण मूळ घरात त्याला जागाच नव्हती आणि नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या नेण्यासाठी जाड भिंती फोडाव्या लागतात. गोठ्याची जागा बहुधा भोजनकक्षाला मिळते. लाकडी बैठकी राखल्या तर त्याच बिछान्याच्या कामी येतात. सिमेंटने सांधे भरल्यास भिंतीतील ओल आतच कोंडते, म्हणून चुन्याचाच वापर योग्य होय. ‘अस्सल’ दिसावे म्हणून आतला गिलावा खरवडून दगड उघडा करण्याची प्रथा मात्र चुकीची आहे. राहत्या खोल्या मुळात गिलावा करून रंगवलेल्याच असत, आणि श्रीमंत घरांत तर त्यांवर चित्रेही असत.

विकोस घळ, अस्त्राका आणि द्राकोलिम्नी सरोवराकडे जाणारे पदभ्रमणकार हे येथील मुख्य पाहुणे. त्यांच्यामुळे छपरे वेळच्या वेळी दुरुस्त होतात आणि काही कुटुंबांना गावातच उत्पन्न मिळते. मात्र गर्दी सुट्ट्यांच्या दिवसांपुरती असते आणि बारमाही राहणारी माणसे थोडी आहेत. दगडी छपराचे काम जाणणारे कारागीरही आता मोजकेच उरले असल्याने प्रत्येक दुरुस्ती खर्चिक ठरते, आणि ज्या घरांना पाहुण्यांचे उत्पन्न नाही त्यांच्या मालकांना हा खर्च सर्वांत जड जातो.