आमण बाहेर येतंय? दुर्बिणीची शस्त्रक्रिया जनआरोग्य योजनेतून अशी करून घ्या

माझ्या आत्याने चार वर्षं मूळव्याध समजून मलम लावलं. शौचाला बसलं की लालसर गोळा बाहेर यायचा, तो बोटांनी आत सारायचा आणि कामाला लागायचं. लाजेपायी घरात कुणाला सांगितलं नाही. हा गुदभ्रंश, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग (गुदाशय) गुदद्वारातून बाहेर घसरणं. आपल्याकडे त्याला आमण बाहेर येणं म्हणतात. लहान मुलांचं बहुतेक वेळा आपोआप थांबतं, मोठ्या माणसांत मात्र पूर्ण आमण बाहेर येत असेल तर मलमाने बरं होत नाही, बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते. पन्नाशीपुढच्या बायकांना हा त्रास जास्त होतो, आणि पैशांच्या धास्तीने त्याच मागे राहतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. रेशनकार्ड पिवळं, केशरी किंवा पांढरं, कुठलंही चालतं. वय 70 किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्र सरकारच्या मोफत उपचारांचं, उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्डही आधारवर निघतं.

कागदपत्रं थोडीच: रेशनकार्ड आणि आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र. पण घोळ होतो तो नावाचा. आत्याच्या रेशनकार्डावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ होतं, तेवढ्यावरून आमच्या दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही कार्डं आजच शेजारी ठेवून नाव, वय ताडून बघा. सुनेचं किंवा आईचं नाव रेशनकार्डात चढलंच नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत आधी ते काम करा.

मग अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेलं रुग्णालय गाठायचं. जवळचं कोणतं, ते 155388 या मोफत क्रमांकावर कळतं. तिथे आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या टेबलावर नोंदणी होते. त्यांना दोन गोष्टी सरळ विचारा: ही शस्त्रक्रिया या रुग्णालयात योजनेतून होते का (काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत), आणि भरती होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च कुणाचा?

सर्जनसमोर टेबलावर आडवं झालं की आमण बऱ्याचदा आत जातं आणि ‘काही दिसत नाही’ असं ऐकावं लागतं. घरी बाहेर आलेलं असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गोल वळ्या दिसल्या तर आमण, पाकळ्यांसारखे वेगवेगळे फुगवटे असतील तर बहुधा मूळव्याध. सर्जनला फोटोवरून हा फरक कळायला मदत होते. गाठ नाही ना, हे बघायला मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणीही करतात.

तपासण्या झाल्या की रुग्णालय योजनेकडे पूर्वपरवानगी मागतं. ती आल्यावर तारीख मिळते. पूर्ण भूल देऊन पोटावरच्या तीन-चार छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीच्या मदतीने, गुदाशय वर ओढतात आणि टाक्यांनी किंवा जाळीने माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला बांधतात. छेद लहान असल्याने बरेच जण दोन-तीन दिवसांत घरी जातात. वय फार असेल, हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर सर्जन पोटातून न जाता खालच्या बाजूने दुरुस्ती सुचवतात. हा निर्णय त्यांच्यावर सोडा, पण कारण विचारून घ्या.

मंजुरीनंतर जाळीचे किंवा औषधांचे वेगळे पैसे मागितले तर भरण्याआधी आरोग्यमित्राला आणि 155388 ला सांगा.

आमण आत जातच नसेल, काळंनिळं पडलं असेल किंवा खूप दुखत असेल तर मात्र कागद शोधत बसू नका, रुग्णाला आधी दवाखान्यात न्या. तातडीच्या रुग्णाची नोंद योजनेला फोनवरून कळवता येते, कागद मागाहून देता येतात.

सुटी मिळताना डिस्चार्ज कार्ड मागून घ्या, नंतरच्या तपासणीला ते लागतं. आणि किमान सहा आठवडे भरलेली घागर उचलायची नाही, शौचाला कुंथायचं नाही. आत्याची घागर आम्ही माळ्यावरच ठेवून दिली होती.