ग्लँडच्या दोरीची पार्श्वभूमी: चरबीपासून ग्रॅफाइटपर्यंत

पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, केसिंगमधून (बाहेरच्या कवचातून) बाहेर येतो त्या ठिकाणी त्याच्याभोवती एक पोकळी ठेवलेली असते. हा स्टफिंग बॉक्स. गळती अडवण्यासाठी विणलेल्या चौकोनी दोरीच्या कड्या कापून त्यात एकामागे एक बसवायच्या आणि वरून ग्लँड, म्हणजे त्यांना दाबून धरणारे झाकण, आवळायचा, एवढीच ही रचना. व्हॉल्व्हच्या स्पिंडलभोवती, म्हणजे तो उघडबंद करणाऱ्या दांड्याभोवतीही तीच. साखर कारखाना, पाणीपुरवठ्याचे पंपघर, बॉयलरची वाफेची लाइन, सगळीकडे ही दोरी आजही भरली जाते.

दुकानात तिची ओळख धाग्यावरून सांगतात: सुती, ॲसबेस्टॉस, ॲरामिड, टेफ्लॉन. तिचा इतिहास मात्र धाग्यापेक्षा धाग्यात मुरवलेल्या वंगणाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. जुने वंगण ज्या तापमानाला हरले, तिथून पुढची दोरी जन्माला आली.

सुरुवात सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये होते. सॅम्युअल मोरलंड याने १६७५ च्या सुमारास प्लंजर पंपाचे पेटंट घेतले. त्याआधीच्या पंपांत दट्ट्यावरचे चामडे सिलिंडरच्या आतून घासत जाई, त्यामुळे सिलिंडर आतून अगदी गोल आणि गुळगुळीत लागे. त्या काळी हे काम फार अवघड होते. मोरलंडने गळती अडवण्याची जागाच बदलली. प्लंजर, म्हणजे भरीव दांडा, एका ठिकाणी बसवलेल्या पॅकिंगमधून (गळती अडवणाऱ्या भरावातून) वरखाली होऊ लागला आणि फक्त त्याचा बाहेरचा पृष्ठभाग घासूनपुसून नीट केला की काम भागू लागले. आजचा ग्लँड याच कल्पनेवर उभा आहे.

तिथे फक्त थंड पाणी होते. वाफ आली तेव्हा प्रश्न बदलला. १७१२ च्या न्यूकॉमेनच्या वाफेच्या इंजिनात सिलिंडर वरून उघडा असे. दट्ट्यावर चामडे बसवायचे आणि त्यावर पाण्याचा थर ठेवायचा, की हवा आत शिरत नसे. जेम्स वॉटला हे चालण्यासारखे नव्हते, कारण त्याची सगळी धडपड सिलिंडर सतत गरम ठेवण्यासाठी होती आणि वरचे पाणी सिलिंडरला गार करत असे. त्याने सिलिंडर वरून बंद केला. मग दांडा झाकणातून बाहेर काढण्यासाठी स्टफिंग बॉक्स आला आणि पाण्याच्या जागी चरबी आली. दट्ट्याच्या पॅकिंगसाठी वॉटने कॉर्क, तेलात भिजवलेल्या चिंध्या, कागद असे बरेच काही करून पाहिले. जॉन विल्किन्सनच्या १७७४ च्या बोअरिंग (आतून कोरण्याच्या) यंत्रामुळे सिलिंडर गोल मिळू लागले आणि तागासारख्या हेंपच्या धाग्यात चरबी मुरवलेले पॅकिंग टिकू लागले. वॉटची वाफ शंभर अंशांच्या थोडी वर असे. त्या उष्णतेला चरबी वितळून धाग्यात पसरते, दांड्याला चिकटते, पण जळत नाही. तिचे यश एवढ्यावरच अवलंबून होते.

पुढे वाफेचा दाब वाढला, त्याबरोबर तापमानही. उच्च दाबाच्या वाफेत चरबीचे विघटन होऊन आम्ले तयार होतात आणि ती लोखंड खातात. म्हणजे जे वंगण यंत्र वाचवायला घातले तेच यंत्राला खाऊ लागले. १८५९ नंतर अमेरिकेत खनिज तेल मुबलक निघू लागले तेव्हा यातून अर्धी सुटका झाली. धागा मात्र करपतच होता. मुंबईत १८५३ मध्ये रेल्वे धावली, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी उभारली. ती सारी यंत्रे याच काळातल्या वाफेची.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १८७० च्या दशकाअखेर थेटफर्डच्या खाणी सुरू झाल्या आणि ॲसबेस्टॉसचा धागा स्वस्त झाला. त्यानंतरची वर्षे पाहण्यासारखी आहेत: १८८२ मध्ये लंडनला जेम्स वॉकर, १८८४ मध्ये ड्रेस्डेनला बर्गमान, १८८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरा गावी गार्लॉक. गळती अडवण्याच्या, म्हणजे सीलिंगच्या धंद्यात आजही नाव ऐकू येणाऱ्या या तिन्ही कंपन्या पाच वर्षांच्या आत उभ्या राहिल्या. ॲसबेस्टॉस करपत नाही, पण कोरडा ॲसबेस्टॉस शाफ्टवर घासतो. म्हणून त्यात ग्रॅफाइटची पूड आणि तेल मुरवायचे. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सरकतात आणि तेल उडून गेले तरी ते मागे उरते. एडवर्ड ॲचेसनने १८९६ मध्ये कृत्रिम ग्रॅफाइटचे पेटंट घेतले, तेव्हा ग्रॅफाइट कारखान्यात बनवता येऊ लागले.

विणकामही सुधारत गेले. नुसता पीळ दिलेला दोर दाबला की उलगडे. गोफावर गोफ चढवलेल्या दोरीचा वरचा थर झिजला की आतले सगळे सुटे होई. आज चालते ती तिरकी गुंफण. तिच्यात प्रत्येक धागा दोरीच्या आरपार कर्णरेषेत जातो, त्यामुळे पृष्ठभाग झिजला तरी दोरी सुटत नाही आणि वंगण गाभ्यापर्यंत धरून ठेवते.

वंगणाला मी इतके महत्त्व का देतो, ते बॉक्सच्या आत पाहिले की कळते. ग्लँड आवळला की दोरी लांबीच्या दिशेने दबते आणि शाफ्टकडे फुगते. पण बाजूच्या घर्षणामुळे हा दाब आत जाता जाता झपाट्याने कमी होतो. ग्लँडजवळच्या कडीवर सर्वाधिक ताण, तळच्या कडीवर सर्वात कमी. वंगण चांगले असेल तर कड्या सरकतात आणि दाब आतपर्यंत पोचतो. वंगण पिळून निघाले किंवा जळाले की दोरीचे आकारमान घटते, गळती वाढते, फिटर पुन्हा आवळतो, उरलेले वंगणही निघून जाते. शेवटी दोरी लाकडासारखी कडक होते आणि शाफ्टवर चर पडतो. म्हणूनच पाण्याच्या पंपाचा ग्लँड थेंब थेंब गळू द्यावा लागतो. तो गळका ग्लँड म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, तेच त्याचे थंड होणे आहे. नवीन मुलांना ग्लँड पूर्ण कोरडा करायला सांगणाऱ्या वरिष्ठांनी हे एकदा समजून घ्यावे.

महाराष्ट्रात ही दोरी शेतापर्यंत पोचली ती पंपांबरोबर. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. पुढे इंजिन आणि पट्ट्यावर चालणारे पंप नदीकाठी, विहिरीवर बसले. त्यांच्या ग्लँडला ग्रीस लावलेली सुती दोरी पुरे, कारण पाणी थंड. मोनोब्लॉक आणि पाणबुडी पंपांत मेकॅनिकल सील (एकमेकींवर टेकून फिरणाऱ्या दोन सपाट कड्यांचे सील) आले तशी शेतातली दोरी मागे पडली.

कारखान्यात मात्र ॲसबेस्टॉस दोरीने फार मोठी किंमत वसूल केली. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ॲसबेस्टॉस आणि मेसोथेलिओमा या कर्करोगाचा संबंध दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकेत सेलिकॉफ यांनी इन्सुलेशन कामगारांचे आजार पुढे आणले. नवी, ग्रॅफाइट-तेलात भिजलेली दोरी फारशी धूळ सोडत नाही. धोका असतो तो वंगण जळून गेलेली जुनी दोरी आकड्याने उकरून काढताना, आणि हे काम नेहमी फिटरच्या किंवा त्याच्या मदतनिसाच्या वाट्याला येई. १९९५ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. युरोपीय संघाने २००५ पासून ॲसबेस्टॉसवर बंदी आणली. भारतात आयात चालूच राहिली, आणि याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

पर्याय आले ते रसायनशाळांतून. १९३८ मध्ये ड्यूपाँटच्या रॉय प्लंकेटला अपघाताने सापडलेला पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, अत्यंत निसरडा आणि ॲसिडला दाद न देणारा. पण तो २६० अंशांपुढे चालत नाही आणि उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे वेगवान शाफ्टवर तापून फुगतो. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केव्हलार निघाले. हा ॲरामिड धागा चिवट, पण शाफ्टला बोचरा. म्हणून तो बहुधा दोरीच्या चार कोपऱ्यांत घालतात आणि मधे टेफ्लॉन ठेवतात. साठच्या दशकात अमेरिकेत युनियन कार्बाइडने नैसर्गिक ग्रॅफाइट आम्लात मुरवून, एकदम तापवून, लाह्यांसारखे फुलवले आणि कोणताही डिंक न घालता दाबून त्याचा लवचिक पत्रा केला.

या टप्प्यावर जुनी विभागणीच संपली. आधी धागा वेगळा असे आणि त्यात भरलेले वंगण वेगळे. आता ग्रॅफाइटच्या पट्ट्यांचीच दोरी विणतात; विस्तारित, म्हणजे ताणून सच्छिद्र केलेल्या, टेफ्लॉनच्या धाग्यात ग्रॅफाइट आतच मिसळलेले असते. वंगण स्वतःच दोरी झाले, त्यामुळे पिळून निघण्यासारखे फार काही उरले नाही.

अडचणी संपल्या असे नाही. ओलसर वातावरणात ग्रॅफाइट आणि स्टेनलेस स्टीलचा स्पिंडल यांच्यात विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो, म्हणून दोरीत जस्तासारखे गंजरोधक घालावे लागते. शिवाय १९९० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर व्हॉल्व्हच्या स्पिंडलवरून नकळत निसटणारा वायूही मोजला जाऊ लागला. पंपाचा ग्लँड थेंब सोडू शकतो, रिफायनरीतल्या व्हॉल्व्हचा नाही. त्यासाठी आयएसओ १५८४८ आणि एपीआय ६२२ या मानकांतल्या चाचण्या आहेत. त्यांत व्हॉल्व्ह किंवा चाचणीचा साचा पुनःपुन्हा फिरवतात, मधूनमधून तापवतात आणि थंड करतात, आणि त्या दरम्यान निसटणारा वायू मोजतात.