एक्सप्लिसिट: सरळ हिशोब कुठे फसतो

गाण्यांच्या ॲपवरच्या ‘ई’ खुणेमुळे ‘एक्सप्लिसिट’ या शब्दाला उगीचच चावटपणाचा वास लागला आहे. मूळ अर्थ साधा: आडपडदा न ठेवता, थेट सांगितलेलं. गणितात तो आणखी काटेकोर होतो. क्ष² + य² = २५ या समीकरणात य आत दडलेला आहे, म्हणून ते इम्प्लिसिट. य = ±√(२५ − क्ष²) असं लिहिलं की क्ष घातला आणि य मिळाला; हे एक्सप्लिसिट.

संगणकावर बदलत्या गोष्टींचा हिशोब करतानाही हाच फरक येतो, आणि तिथे थेटपणा महागात पडू शकतो.

खोली २५ अंश, चहा ८५ अंश. फरक ६० अंशांचा आणि तो मिनिटाला १० टक्के या वेगाने घटतोय असं धरू. एक्सप्लिसिट पद्धत आत्ताचा वेग घेते आणि पुढच्या टप्प्याच्या शेवटापर्यंत तोच कायम धरते. म्हणजे दर टप्प्याला फरकाला (१ − ०.१ × मिनिटं) ने गुणायचं. एकेक मिनिटाने गेलात तर ६०, ५४, ४८.६, झकास. टप्पा १५ मिनिटांचा केलात तर गुणक −०.५ होतो आणि चहा खोलीपेक्षा ३० अंशांनी गार! २५ मिनिटांचा केलात तर गुणक −१.५: चहा आधी उणे ६५ अंशांवर, मग थेट १६० वर. टप्पा २० मिनिटांच्या पुढे गेला की आकडे उधळतातच.

इम्प्लिसिट पद्धत वेग टप्प्याच्या शेवटचा घेते, म्हणून (१ + ०.१ × मिनिटं) ने भागायचं. २५ मिनिटांच्या टप्प्यात फरक १७.१ येतो, खरा ४.९. उत्तर ढोबळच, पण बेताल नाही. मात्र हजारो अज्ञात एकमेकांत गुंतलेले असतील, तर दर टप्प्याला सगळी समीकरणं एकत्र सोडवावी लागतात. वेळ तिथेच जातो.

लाटांच्या गणितातली अशीच मर्यादा कूरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्ये मांडली. अशा हिशोबासाठी जागेचे चौकोन पाडून जाळी करतात; साध्या एक्सप्लिसिट पद्धतीत एका टप्प्यात लाटेने जाळीचा एक चौकोन ओलांडता कामा नये. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. १० किलोमीटरच्या चौकोनाला साधारण २९ सेकंदांचा टप्पा चालतो, उभ्या दिशेने हवेच्या १०० मीटर जाडीच्या थराला ०.३ सेकंदाचाही नाही. म्हणून हवामानाच्या अनेक प्रारूपांत ध्वनिलहरींचा आडवा हिशोब एक्सप्लिसिट आणि उभा इम्प्लिसिट ठेवतात.