आखाड्यावरची राखण आणि स्वसंरक्षणाचा कायदा

सोयाबीन काढून गंजी लागली की मराठवाड्यात राखणीचे दिवस सुरू होतात. खुन्नस काढायची तर रात्रीतून गंजी पेटवून द्यायची, हा प्रकार इकडे नवा नाही. म्हणून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, राखणीला झोपणारा शेतकरी हमखास विचारतो: पेटवणारा जागेवर सापडला आणि माझ्या काठीनं मेला, तर?

याचं उत्तर 1837 पर्यंत मागे जातं. त्या साली मेकॉलेच्या विधी आयोगानं दंडसंहितेचा मसुदा दिला. इथली माणसं अन्याय फार निमूट सोसतात, तेव्हा बचावाच्या हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा त्यांच्यात धमक यावी, असा आयोगाचा रोख होता. परक्या सत्तेनं लिहिलेला असूनही हा भाग म्हणूनच सढळ आहे. अंगावर कोणी धावून आलं तर आधी पळूनच गेलं पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. संहिता 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून ब्रिटिश मुलखात लागू झाली.

मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. संस्थानाची स्वतःची आसफिया दंडसंहिता होती, तीही ब्रिटिश संहितेवरच बेतलेली. पण कायदा कागदावर असून भागत नाही. सरकारकडे दाद मागायला वेळ असेल, तर स्वतः हत्यार उचलायचा हक्क मिळत नाही, ही या कायद्यातली मोठी अट आहे. 1947-48 मध्ये रझाकार गावं लुटत होते आणि निजामाचं सरकार त्यांच्याच पाठीशी होतं. दाद मागायची कुणाकडे? ‘आपलं आपणच बघायचं’ ही इथल्या जुन्या माणसांची भावना त्या काळातून आली आहे, असं मला वाटतं, आणि तिला नावं ठेवायला मी धजणार नाही. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. भारतीय दंडसंहिता इथे लागू व्हायला मात्र 1 एप्रिल 1951 उजाडला.

तिच्यातली स्वसंरक्षणाची 96 ते 106 ही कलमं 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झाली. गाभा तोच राहिला. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, 2013 पासून ॲसिड हल्लाही: अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. मालमत्तेसाठी यादी आखूड आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, आणि माणसं राहतात किंवा माल साठवतात त्या इमारतीला किंवा तंबूला आग लावणं.

उघड्या रानातली गंजी या यादीत बसत नाही. पेटवणाऱ्याला अडवता येतं, धरता येतं, त्यासाठी लागेल तेवढा मारही देता येतो. जीव घेता येत नाही. मात्र तो कुऱ्हाड घेऊन अंगावर आला, किंवा माणसं झोपलेला आखाडाच पेटवू लागला, तर हिशोब बदलतो. वर्षभराची कमाई डोळ्यांसमोर जळत असताना हा फरक पाळणं किती अवघड आहे, हे ज्याची गंजी जळते त्यालाच कळतं.

रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडणाऱ्यांनी 1963 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल ध्यानात ठेवावा. बिहारमध्ये एकानं आपल्या शौचालयाच्या वाटेवर उघडी वीजतार लावली, कारण शेजारचे लोक ते वापरत होते. एक बाई तिला चिकटून मेली. विनापरवानगी आलेली असली तरी असा सापळा म्हणजे बचाव नव्हे, असं न्यायालय म्हणालं आणि शिक्षा कायम राहिली.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात तर बहुतेक वेळा दोन्ही बाजू बचावाचंच नाव घेतात. समोरचा पडला किंवा पळाला की धोका संपला, आणि त्याबरोबर हक्कही. त्यानंतरचा प्रत्येक वार बदल्यात मोजला जातो. जून 2018 मध्ये वैजापूर तालुक्यात चोर समजून जमावानं केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. तिथे तर हा हक्क मुळातच नव्हता. याउलट, धोका असताना प्रामाणिक समजुतीनं हात जास्त चालला, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरला जातो. जीव मुठीत धरलेल्या माणसानं सोन्याच्या तराजूत तोलून वार करावा अशी अपेक्षा नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. 2010 च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही सगळी तत्त्वं एकत्र मांडली.

अटक मात्र टळत नाही. बचाव होता हे आरोपीनंच दाखवायचं असतं. तो संभवनीय वाटला तरी पुरतं. म्हणून आपल्या अंगावरच्या जखमा त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्याव्यात.