पाठीचे उपचार सुरू करण्याआधी नऊ प्रश्न कशासाठी?

पहिल्या भेटीत तपासणीच्या टेबलाआधी आम्ही एक पानी फॉर्म हातात देतो. एमआरआयची जाडजूड फाइल घेऊन आलेल्यांना ते खटकतं: दुखतेय पाठ आणि विचारताय मनाचं! दुखणं खरंच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या बहुतेकांच्या रिपोर्टमध्येही मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसते. कोण लवकर बरं होईल आणि कोणाचं रेंगाळेल, हे एकट्या फिल्मवरून सांगता येत नाही.

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाची ही ‘स्टार्ट बॅक’ प्रश्नावली 2008 साली प्रसिद्ध झाली. उत्तरं गेल्या दोन आठवड्यांपुरती द्यायची. पहिले चार प्रश्न शरीराचे: कळ पायात उतरते का, मान-खांदा दुखतो का, चालणं कमी झालंय का, कपडे घालायला वेळ लागतो का. पुढचे पाच निर्णायक: हालचाल धोक्याची वाटते का, सतत काळजी लागते का, ‘आता हे बरं होणारच नाही’ असं वाटतं का, आवडीच्या गोष्टीत मन रमेनासं झालंय का, एकूण त्रास किती.

दर ‘हो’ला एक गुण; शेवटच्या प्रश्नात त्रास खूप असेल तर एक. एकूण गुण 3 किंवा कमी आले, तर सल्ला आणि घरचे व्यायाम सहसा पुरतात. एकूण 4 किंवा जास्त, पण शेवटच्या पाचांत 3 पर्यंतच, तर नियमित फिजिओथेरपी. त्या पाचांत 4 किंवा 5 आले, तर व्यायामासोबत भीतीवरही काम करावं लागतं. नुसता शेक आणि मशीन देत बसलं तर पैसे जातात, पाठ तिथंच.

भीतीवरचं काम म्हणजे काय? समजा, वाकून बादली उचलायची धास्ती आहे. आधी रिकामी बादली स्टुलावरून, मग जमिनीवरून, मग 2 लिटर पाणी, मग 5. थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीइतकं झालं पाहिजे. नाही झालं, तर एक पायरी मागे.

सगळ्यात जास्त गडबड बरं वाटलेल्या दिवशी होते. रविवारी माळा आवरायचा, सोमवारी अंथरूण धरायचं! म्हणून ठाण्यातल्या तलावपाळीला चालायचं ते घड्याळ लावून: 10 मिनिटं ठरली तर 10च, दुखत असो वा नसो.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर फॉर्म राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा.

फॉर्म स्वतःच भरा. शेजारी बसलेली मंडळी ‘काळजी कसली, लिही नाही’ म्हणतात, आणि गुण चुकतात.